हौद आहे, बाथरूम नव्हे

गेल्या अंकात बंगल्यातल्या जुन्या स्विमिंग पूलच्या दुरुस्तीवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेखकाची शैली झकास आहे. कंत्राटदार येतो, काठावर उकिडवा बसतो, पाण्याकडे बघून ‘च्च’ करतो आणि त्या एका ‘च्च’चे लाखभर रुपये लावतो, हे वर्णन मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं. ज्याने कधी घराचं काम काढलंय त्याच्या मनात एखादा कंत्राटदार ठसठसत असतोच. त्यावर कुणी असं नेमकं बोट ठेवलं की बरं वाटतं. पण बरं वाटणं वेगळं आणि ते ऐकून काम काढणं वेगळं. त्यांनी जे करा म्हणून सांगितलंय ते मी २०११ साली अगदी तसंच केलं होतं, म्हणून हे लिहितोय.

त्यांचं म्हणणं, त्यांच्यावर अन्याय न करता सांगायचं तर, असं. टाइल्स सुटल्या, ग्राउट झडलं, तळ पायाला टोचायला लागला की कंत्राटदार ‘सगळं उकरावं लागेल’ म्हणून घाबरवतो. ते ऐकू नका. जुन्या टाइल्स चांगल्या चिकटलेल्या असतात, त्यांच्यावरच नव्या बसवा, आता तशी रसायनं मिळतात. भाव एकरकमी ठरवा, तारीख लेखी घ्या, उशिराला रोजचा दंड लावा. बारा दिवसांत काम होतं, अमेरिकेत तर तीन दिवसांत होतं. आणि काम पावसाळ्यात काढा, कारण तेव्हा कंत्राटदार रिकामे असतात, भाव पाडून मिळतो.

या सगळ्या सल्ल्याच्या मुळाशी एक समजूत आहे. पूल म्हणजे उघड्यावरचं मोठं बाथरूम, आणि पूलची दुरुस्ती म्हणजे टाइल्स बदलणं.

‘पूल’ या शब्दाचीच आधी गंमत आहे. माझ्या आईला शेवटपर्यंत पूल म्हणजे नदीवरचा. घरामागे पूल बांधतोय म्हटल्यावर तिने ‘कुठल्या ओढ्यावर?’ असं विचारलं होतं. ‘तरणतलाव’ नगरपालिकेच्या पाटीवर शोभतो, घरात कुणी म्हणत नाही. खरा शब्द आमच्या मिस्त्रींकडे होता. वडिलांनी १९९४ साली अलिबाग तालुक्यात, आवासला घर बांधलं आणि मागच्या वाडीत दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद पूल काढला. मिस्त्री त्याला पहिल्या दिवसापासून हौद म्हणतात. २०२४ साली शेवटची मोठी दुरुस्ती काढली तेव्हा मी त्यांच्यापुढे टाइल्सचा कॅटलॉग उघडला. त्यांनी तो मिटून माझ्या हातात परत दिला. ‘साहेब, हा हौद हाय, बाथरूम नाय. आधी पानी कुठं जातंय ता बघू, मंग रंग बघू.’

बाथरूममध्ये पाणी येतं आणि निथळून जातं. हौदात ते रात्रंदिवस उभं असतं. आमच्या पूलची खोली सरासरी दीड मीटर, म्हणजे पाणी ७५,००० लिटर, वजनात ७५ टन. हे पाणी धरून ठेवायचं काम टाइल करत नाही. ग्राउट कितीही चांगलं असलं तरी कालांतराने त्यातून पाणी टाइलच्या मागे जातं. पाणी धरतं ते काँक्रीट, आणि काँक्रीटवरचा वॉटरप्रूफिंगचा थर. टाइल हे हौदाचं कापड आहे. कापडाला भोक पडलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही, हे खरं. पण अंगावरच्या गळवातून पू येऊन कापड डागाळलं तर शिंप्याकडे जाऊनही उपयोग नसतो. गेल्या अंकातल्या लेखकांनी सरळ शिंप्याचा पत्ता दिला आहे.

आता जुन्या टाइल्सवर नव्या बसवण्याविषयी. रसायनं मिळतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पॉलिमर घातलेली अॅडहेसिव्ह आज अशी आहेत की नवी टाइल जुन्या टाइलला घट्ट धरते. प्रश्न जुनी टाइल कशाला धरून आहे हा आहे. नवं अॅडहेसिव्ह फक्त वरच्या जोडाची हमी देतं. खालचा तीस वर्षांचा मसाला, त्याखालचा गिलावा, त्याखालचा कोबा यांच्याबद्दल ते काही बोलत नाही. उलट नव्या थराचं ओझं त्याच जुन्या, भुसभुशीत झालेल्या मसाल्यावर येतं.

आणि हे आधी कळू शकतं, फुकटात. आपण दोन पैशांचं मडकं घेताना वाजवून घेतो. पूल रिकामा असताना हातोडीच्या दांड्याने किंवा रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवत जावं. धरलेली टाइल खणखणीत बोलते, सुटलेली बद्द वाजते. २०२४ साली आमच्या मिस्त्रींनी आणि त्यांच्या मुलाने दोन सकाळी हेच केलं, हातात निळा खडू घेऊन. जिथे बद्द वाजेल तिथे फुली. दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर उभं राहून पाहिलं तर तळाच्या उथळ बाजूला तुरळक फुल्या आणि खोल बाजूच्या भिंतीवर निळ्याशिवाय काही दिसेना. वरून पाहता त्या भिंतीच्या बहुतेक टाइल्स जागच्या जागी होत्या. झाकली मूठ म्हणतात ती हीच. लेखकांनी ‘जुन्या टाइल्स चांगल्या चिकटलेल्या असतात’ असं लिहिलंय. त्यांनी त्या वाजवून पाहिल्याचं लेखात कुठे दिसत नाही.

२०११ ची गोष्ट सांगतो. तेव्हा आम्ही वाजवलं नाही. तळाच्या टाइल्स इथे-तिथे निघाल्या होत्या, काठाजवळ लोणा फुटला होता, पाणी थोडं जास्तच भरावं लागत होतं. तीन कंत्राटदार येऊन गेले. पहिल्या दोघांनी उकरावं लागेल म्हणून सांगितलं, तिसऱ्याने विचारलं, ‘तुम्हाला काय करायचंय?’ मला तो फार सज्जन वाटला. मी म्हटलं, आहे त्याच्यावर बसवून द्या, एप्रिलच्या शेवटी भाचीच्या लग्नाची मंडळी येणार आहेत. लेटरहेडवर एका ओळीचं कोटेशन आलं: ‘जुन्या टाइल्सवर नवीन ग्लास मोझॅक बसवून देणे, मटेरियल व मजुरीसह, लम्पसम.’ खाली रक्कम. मी ती थोडी घासाघीस करून खाली आणली आणि विजयी मुद्रेने सही केली. काम अकरा दिवसांत झालं. लग्नाच्या मंडळींनी फोटो काढले, फोटोत पाणी इतकं निळं आहे की अजून कुणी पाहिलं की विचारतं, हे कुठलं रिसॉर्ट. तिसऱ्या पावसाळ्यानंतर खोल बाजूला हातभर रुंदीचा पापुद्रा भिंतीपासून सुटून पुढे झुकला. नवी टाइल जुन्या टाइलला घट्ट चिकटलेलीच होती. दोघी मिळून खाली आल्या होत्या.

त्या कंत्राटदाराला मी त्या वर्षी फोनवर जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आज विचार करतो तेव्हा त्याचा दोष शोधायला जरा जड जातं. मी सांगितलं ते त्याने केलं, ठरल्या पैशांत केलं, तारखेच्या एक दिवस आधी केलं. लेखकांच्या कसोटीवर तो आदर्श कंत्राटदार ठरला असता.

२०२४ च्या फेब्रुवारीत शेवटी उकरलं तेव्हा आत काय निघालं ते सांगतो, कारण या विषयावर लिहिणाऱ्याने ते एकदा तरी पाहावं असं आहे. वर २०११ ची मोझॅक, तिच्याखाली १९९४ ची पांढरी सिरॅमिक. तिच्याखाली मसाला, बोटाने उकरला तरी निघेल असा ओला, काळपट, आणि साचलेल्या पाण्याचा वास. त्या रेतीत शिंपल्यांचे बारीक तुकडे होते. म्हणजे मूळ बांधकामातच कुणीतरी समुद्राची रेती घातली होती, बहुधा न धुता. रेतीतलं मीठ तीस वर्षं आतल्या सळयांवर काम करत होतं, त्यात पूलचं क्लोरिन. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, आणि ती जागा काँक्रीट फोडून घेतं. खोल बाजूच्या भिंतीत दोन ठिकाणी काँक्रीटचा पोपडा सुटून सळई उघडी पडली होती, करंगळीएवढी असायची ती पेन्सिलच्या शिशाएवढी उरलेली. या सळईवर २०११ साली आम्ही इटालियन छटेची मोझॅक बसवली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर पखालही पाण्याचीच होती.

गेल्या अंकातल्या लेखात गळतीचा शब्द एकदाच येतो, तोही ‘किरकोळ गळती नव्या ग्राउटने थांबते’ असा. किरकोळ म्हणजे किती? आमच्या पूलचं पृष्ठ पन्नास चौरस मीटर. पातळी एक मिलिमीटर उतरली की पन्नास लिटर गेले. उन्हाळ्यात रोज पाच-सहा मिलिमीटर तर वाफ होऊनच जाते, म्हणून नुसती पातळी बघून काही कळत नाही. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवायची, बादलीतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे खूण करायची, आणि चोवीस तासांनी पाहायचं. बादलीतलं जेवढं उतरलं ती वाफ. पूलमधलं त्याहून जे जास्त उतरलं ती गळती. एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून हे केलं की दोष पाइपात आहे की हौदात तेही बरंचसं उघड होतं. आमची पातळी दर वेळी पाण्यातल्या दिव्याच्या खालच्या कडेपाशी येऊन थांबायची. काँक्रीटमधून जिथे जिथे पाइप, दिवा, नोझल आरपार जातो तिथे सांधा असतो, आणि हौद बहुतेक वेळा सांध्यातच गळतो. तो सांधा उघडून, खाच पाडून, न आकसणाऱ्या ग्राउटने भरावा लागतो. टाइलवर टाइल बसवणाऱ्याला तो सांधा दिसतच नाही.

काठाचं थोडक्यात. सगळ्यात वरची, पाण्याच्या रेषेवरची रांग बऱ्याच पूलमध्ये आधी पडते आणि लोक अॅडहेसिव्हला शिव्या देतात. बाजूची फरशी उन्हात प्रसरण पावते आणि तिच्या व हौदाच्या मधली फट सिमेंटने गच्च भरलेली असते, मग ती फरशी त्या रांगेला ढकलते. तिथे रबरासारखं सीलंट हवं. खर्च नगण्य.

बारा दिवसांवर येऊ. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३७०. पाणी धरतं की नाही हे तपासायची त्यातली पद्धत साधी आहे: हौद भरायचा, सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, आणि मग पुढचे सात दिवस रोज पातळी नोंदवायची. म्हणजे नुसत्या चाचणीला चौदा दिवस, आणि ही चाचणी टाइल लावण्याआधी करायची, कारण नंतर गळती सापडली तर पुन्हा टाइल फोडा. त्याआधी उकरणं, गंजलेल्या सळया घासणं किंवा बदलणं, काँक्रीट भरून काढणं, भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना गोलाई देणं, गिलावा, त्यावर पाणी मारणं, वॉटरप्रूफिंगचे दोन हात. नंतर टाइल्स, ग्राउट, आणि पाणी भरण्याआधी ते वाळू देणं. आमचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं आणि एप्रिल संपता संपता पाणी भरलं. मध्ये सलग नऊ दिवस कामावर एकही माणूस नव्हता. पातळीच्या नोंदी चालू होत्या, आणि मी रोज सकाळी पट्टी घेऊन पायऱ्या उतरत होतो. दंडाचं कलम असतं तर हे नऊ दिवस सगळ्यात आधी कापले गेले असते. बारा दिवसांची लेखी हमी घेणारा मालक स्वतःच्या सहीने क्युरिंग आणि चाचणी काढून टाकतो, आणि मग कंत्राटदाराने फसवलं म्हणतो.

घाई कुठून आली हेही आम्ही आवासकर जाणतो. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, मुंबईची माणसं गाडीसकट उतरायला लागली, आणि शनिवार-रविवार घर भाड्याने देणं हा धंदा झाला. पूल बंद म्हणजे बुकिंग बंद. याबद्दल माझी तक्रार नाही, मीही देतो. पण मग ‘मला दर आठवड्याचं भाडं बुडवायचं नाही’ असं सरळ म्हणावं. कंत्राटदार मुद्दाम वेळ काढतात असं कशाला म्हणायचं?

अमेरिकेतले तीन दिवस ही तर अर्धवट ऐकलेली गोष्ट. तिथल्या घरगुती पूलमध्ये बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्या सर्वत्र टाइल्स नसतात. नळीतून दाबाने काँक्रीट फवारून हौद तयार करतात (ते यंत्र कार्ल एकली नावाच्या माणसाने १९०७ च्या सुमाराला शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये बनवलं, त्याचा मूळ धंदा मेलेल्या प्राण्यांचं कातडं वापरून ते हुबेहूब उभे करण्याचा, आणि यंत्र बनवलं ते म्युझियमच्या झडणाऱ्या भिंतीसाठी) आणि त्यावर पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा साधारण एक सेंटिमीटरचा गिलावा घोटतात. हा गिलावा दहा-पंधरा वर्षांनी काढून नवा द्यायचा असतो, हे तिथे घर घेतानाच ठाऊक असतं. घोटायचं काम एका दिवसाचं, आणि लगेच पाणी भरतात, कारण तो गिलावा पाण्याखालीच पिकतो. पण त्यानंतर महिनाभर पाण्याची रोज तपासणी आणि ब्रशने घासणं चालतं. आणि जुना थर बद्द वाजत असेल तर तोही आधी फोडूनच काढतात. माझा भाचा फीनिक्सजवळ राहतो. त्याच्या पूलचा व्हिडिओ पाहून मीही एकदा मिस्त्रींना ‘बघा, तीन दिवस’ म्हणालो होतो. त्यांनी पूर्ण पाहिला आणि विचारलं, ‘आन् फोडलं ता कधी दाखवलं?’ ते व्हिडिओत नव्हतं.

आता पावसाळा. इथे मात्र गंमत संपते, कारण या सल्ल्याने नुसते पैसे जाणार नाहीत, अख्खा हौद जाईल.

आमच्या किनाऱ्याच्या वाड्यांत श्रावणात विहिरीचं पाणी वाकून हाताने घेता येतं. तेच पाणी पूलच्या तळाखालीही असतं, आणि ते तळाला वर ढकलतं. हिशोब शाळेतल्या आर्किमिडीजचा आहे. आमच्या पूलचं बाहेरून क्षेत्र साधारण ५६ चौरस मीटर. तळ आणि भिंती वीस सेंटिमीटर जाडीच्या. काँक्रीटचं वजन काढलं तर तळ सुमारे २८ टन आणि भिंती सुमारे २३, मिळून ५१. जमिनीतलं पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून फक्त एक मीटर वर आलं तर खालून रेटा ५६ टन. पूल भरलेला असतो तेव्हा आतलं ७५ टन पाणी त्याला दाबून ठेवतं आणि कुणाला काही कळत नाही. तो उपसला की उरतं रिकामं काँक्रीट आणि त्यावरचा टाइल्स-मसाल्याचा थर. तो थर पाच सेंटिमीटरचा धरला तर त्याचं वजन नऊ-दहा टन भरतं, म्हणजे एकूण साठ टनांच्या आसपास, जेमतेम वर. आणि मग तुम्ही तोच थर फोडून ट्रॉलीने बाहेर काढता. ५१ विरुद्ध ५६. रिकामा हौद होडीसारखा उचलला जातो. अगदी हातभर वर येत नाही, पण एका कोपऱ्याला चार बोटं उचलला तरी तळ तडकतो, पाइप तुटतात, आणि तो पुन्हा खाली बसला तरी पूर्वीसारखा कधीच बसत नाही. माती आणि आजूबाजूची फरशी त्याला थोडं धरून ठेवते, पण त्या धरण्याच्या भरवशावर घर कोण गहाण टाकेल?

याला उपाय आहेत. तळात एकेरी झडप बसवतात, बाहेरचं पाणी जास्त झालं की ती उघडून पाणी आत घेते. किंवा शेजारी तळाहून खोल खड्डा घेऊन त्यात पंप लावून ठेवतात. आपल्याकडच्या जुन्या पूलमध्ये झडप क्वचित असते, आणि असली तरी तीस वर्षांत गाळाने बसलेली असते. त्यापेक्षा काम माघ-फाल्गुनात काढावं, विहीर खाली गेल्यावर. भाव थोडा जास्त लागेल. लागू दे.

शिवाय पावसाळ्याचा आणखी एक जाच लेखकांच्या रसायनांना आहे. आतलं पाणी वॉटरप्रूफिंगच्या लेपाला भिंतीवर दाबतं. बाहेरचं पाणी त्याच लेपाला भिंतीपासून दूर ढकलतं. ओल्या भिंतीवर, मागून पाणी येत असताना लावलेला लेप फोडासारखा फुगतो. आमचा तिसऱ्या पावसाळ्यानंतरचा पापुद्रा असाच ढकलला गेला होता, असं मिस्त्रींचं मत आहे, आणि माझंही आता झालं आहे.

पाण्याच्या रसायनाबद्दल लेखात ‘ग्राउट झडलं म्हणजे हलका माल वापरला’ एवढंच आहे. दर वेळी तसं नसतं. वापरात असतात त्या ट्रायक्लोरोच्या गोळ्या आम्लधर्मी आहेत. त्या टाकत राहिलं आणि पीएच मोजला नाही तर पाणी भुकेलं होतं आणि सिमेंटच्या ग्राउटमधला चुना खातं. ब्लीचिंग पावडरने उलट होतं, पीएच चढतो आणि टाइल्सवर खर बसते. पाणी चुना खाईल की सोडेल याचा हिशोब लँगेलियर या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली मांडला, तो नळाच्या पाइपांसाठी. पूलवाले तोच वापरतात. आमच्याकडे वाडीची देखभाल करणाऱ्या गड्याला मी गोळ्या मोजायला शिकवलं होतं, पीएच मोजायला शिकवलं नव्हतं. तीन वर्षांत तळाचं ग्राउट नखाने निघायला लागलं. दोष मालाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट, जी टाइलवर टाइल बसवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये कधी नसते: तळाच्या जाळीचं झाकण. १९९४ च्या पूलला तळाला एकच निकास आणि त्यावर सपाट जाळी. पंपाची ओढ त्या एका जाळीवर असते. लहान मुलाचं अंग किंवा केस तिथे ओढले गेले तर मोठ्या माणसालाही ते सुटत नाहीत. अमेरिकेत २००२ साली ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच हॉट टबमध्ये दगावली. ती तिथल्या एका माजी परराष्ट्रमंत्र्याची नात होती, आणि तिच्या नावाने २००७ साली अशा झाकणांचा कायदा झाला. पूल फोडलेला असतो तेव्हाच दुसरा निकास काढणं आणि फुगीर, ओढ न धरणारं झाकण बसवणं सोपं जातं. एकरकमी भावात हे कोण स्वतःहून सुचवेल?

इथे लेखकांचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. कंत्राटदार घाबरवतात, हे खरं. सगळे पूल उकरावे लागत नाहीत, हेही खरं. वाजवून पाहिलं, फुल्या एका कोपऱ्यातच आल्या, बादलीच्या चाचणीत गळती नाही, तर तेवढाच भाग काढून भरा आणि बाकीच्याला हात लावू नका. जो कंत्राटदार न वाजवता ‘सगळं उकरा’ म्हणतो तोही मला नको. आणि आगाऊ रकमेबद्दल माझंही एक म्हणणं आहे. कॅलिफोर्नियात घराच्या दुरुस्तीच्या करारावर आगाऊ रक्कम दहा टक्के किंवा हजार डॉलर, यांत जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही. आपल्याकडे निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय माणूस हातोडी उचलत नाही, आणि मग बाकीच्या निम्म्यांसाठी आपण त्याच्या मागे फिरतो.

पण यावरचा त्यांचा उपाय, एकरकमी भाव आणि दंड, यानेच तो कंत्राटदार तयार होतो ज्याच्यावर ते चिडले आहेत. उकरल्यावर आत काय निघेल हे कुणालाच माहीत नसताना जो एकच आकडा देतो तो एकतर वाईटात वाईट धरून आकडा फुगवतो, किंवा कमी आकडा देऊन आत जे निघेल त्यावर मसाला थापतो. मालक दुसऱ्याला निवडतो. मी निवडला होता. २०२४ साली आम्ही वेगळं केलं: उकरणं आणि डेब्रिज उचलणं याचा वेगळा भाव, चौरस मीटरने, आतली काँक्रीटची दुरुस्ती जेवढी निघेल तेवढी मोजून, आणि मोठा हप्ता टाइल लागल्यावर नव्हे तर पाण्याची चाचणी पार पडल्यावर. पहिल्या दोन कंत्राटदारांनी या शेवटच्या अटीवर चहाही न घेता रजा घेतली. तिसऱ्याने दोन दिवस मागितले आणि आमच्या मिस्त्रींना सोबत घेऊन आला.

लेखक आमच्याच तालुक्यात राहतात असं त्यांच्या लेखावरून वाटतं. कधी आवासला आले तर त्यांनी जरूर यावं. तळावरची खडूची एक फुली नव्या टाइल्स लागण्याआधी काढलेल्या फोटोत आहे, ती दाखवीन; आणि २०११ च्या त्या निळ्या पाण्याचे फोटोही.

हे छापून येईपर्यंत जून लागलेला असेल. त्यांचा लेख वाचून कुणी स्वस्त भावाच्या आशेने पूल उपसायला पंप लावला असेल, तर त्याने आधी वाडीतल्या विहिरीत डोकावून यावं. पाणी पूलच्या तळापेक्षा वर दिसलं तर पंप बंद करावा, उपसलं तेवढं पाणी परत भरावं, आणि माघापर्यंत जुन्या टाइल्सवरच पोहावं.